जेडची पानं सडतायत! संक्रांतीच्या वाणाला तीस रोपं करायचीत (सोलापूर)

गच्चीवाली | १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. दुसरा मजला, वर गच्ची, गॅलरी पश्चिमेला. गेल्या हळदीकुंकवाला मला वाणात सात प्लॅस्टिकचे डबे, चार गाळण्या आणि एक साबणाची डबी मिळाली. डब्यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत. तेव्हाच ठरवलं, पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून जेडची रोपं द्यायची. घरात एक मोठं झाड आहे, चार वर्षांचं, गुडघ्याएवढं. तीस बायका धरल्या आहेत.

व्हिडिओत बघितलं की पान मातीवर ठेवलं की रोप येतं. म्हणून पंधरा पानं तोडली, ट्रेमध्ये माती घातली (सासरच्या शेतातली, मोहोळकडची), वर पानं ठेवली आणि रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारला. आठव्या दिवशी अकरा पानं पिवळी होऊन पाण्यासारखी झाली. उरलेली चार कालच गेली. वासही येतोय.

चुकलं कुठे? अजून पाच महिने आहेत. जमेल का?

—

चिंचगूळ | १८ ऑगस्ट, रात्री ९:५८

जमेल. पहिलं काम, फवारा लपवून ठेवा.

—

कडकभाकरी | १८ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, रोज दोनदा पाणी? आपल्या सोलापुरात माणसाला चार दिवसांनी नळ येतो आणि तुम्ही पानाला दिवसातून दोनदा पाजता व्हय! झाड म्हणालं असेल, एवढं सुख सोसवत नाही बघा.

—

डोंबिवलीकर_बाप्पा | १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

माझ्याकडे उलटी गोष्ट आहे. जेड दोनदा आणलं, दोनदा जूनमध्ये गेलं. इथे हवेतच पाणी. वाचतोय.

—

रानवेडा | १९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

फोटो टाका ना ताई. पान केवढं आहे? अंगठ्याएवढं, जाड, आत भरपूर पाणी? की नखाएवढं, पातळसर गोल, आणि फांदीचा रंग तांबूस-तपकिरी?

—

गच्चीवाली | १९ ऑगस्ट, सकाळी ८:०५

दुसरं. नखाएवढं. फांद्या तांबड्या, लवचिक, खाली झुकलेल्या. फोटो टाकलाय.

—

रानवेडा | १९ ऑगस्ट, सकाळी ८:४५

वाटलंच. हे खरं जेड नाही. नर्सरीवाले याला सरसकट 'जेड' म्हणूनच विकतात, त्यामुळे तुमची काही चूक नाही. हे पोर्तुलाकारिया आफ्रा. खरं जेड म्हणजे क्रासुला ओवाटा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, पण कुळं वेगळी. तुमच्यावालं तिकडे हत्ती आवडीने खातात. पूर्वी त्याला आपल्या घोळीच्या भाजीच्या कुळात धरत, आता वेगळं काढलंय. पानाचा तुकडा चावून बघा, घोळीसारखा आंबट लागेल. (झाडावर औषध मारलं असेल तर चावू नका. आणि खरं जेड असेल तर अजिबात नको.)

आता मुद्द्याचं. खऱ्या जेडचं पान जाड असतं, शिदोरी भरपूर, त्यामुळे पानावरून रोप सहज येतं. पोर्तुलाकारियाचं पान लहान आणि शिदोरी थोडी. त्याच्यावरूनही येतं, पण फार सावकाश आणि बेभरवशाचं. याला फांदीच लावायची. फांदी मात्र इतकी सोपी की छाटून कोपऱ्यात टाकलेलीसुद्धा मुळं धरते.

—

गच्चीवाली | १९ ऑगस्ट, सकाळी ९:२०

चार वर्षं मी याला जेड म्हणून पाहुण्यांना दाखवतेय 😐

चावलं. आंबट आहे खरंच.

—

कडकभाकरी | १९ ऑगस्ट, सकाळी ९:३१

मग वाणात रोप देऊ नका, त्याची भाजीच करा की. दाण्याचं कूट लावून.

—

वास्तुपुरुष७ | १९ ऑगस्ट, सकाळी १०:०२

जेड आग्नेय दिशेला ठेवल्यास धनवृद्धी होते. खरं असो वा नकली, फळ मिळते.

—

चिंचगूळ | १९ ऑगस्ट, सकाळी १०:०९

आमच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचा बोअर आहे. धन तिकडेच चाललंय.

—

निवांत_नाना | १९ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मी विजापूर रोडला राहतो, निवृत्त आहे. गच्चीवर शंभरेक कुंड्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त रसाळ वर्गातल्या (सक्युलेंट, पानात-खोडात पाणी साठवणाऱ्या). सोलापूरपुरतं जे कळलंय ते लिहितो. पुण्या-मुंबईच्यांनी आपलं आपण बघावं.

माती. ताई, तुमची मोहोळची काळी माती ज्वारीला सोनं आहे. कुंडीत ती वैरीण. एकदा भिजली की आठवडाभर ओल सोडत नाही, आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून पाणी घातलं तर कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, मुळांना काहीच मिळत नाही. मी दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग बांधकामावरची कच आणि एक भाग जुनं शेणखत घेतो. काळी माती घालायचीच तर मूठभर. मुरुमाला आपल्याकडे तोटा नाही. कच आधी धुऊन घ्या, पीठ राहिलं तर ते सिमेंटसारखं बसतं.

छाट. टीचभर लांबीची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक फांदी. अगदी कोवळा हिरवा शेंडा नको, तो लवंडतो. खालची दोन बोटं पानं काढून टाका. सावलीत कागदावर चार-पाच दिवस पडू द्या. कापलेली जागा वाळून खपली धरली पाहिजे, बाकी सगळं सोडा पण हे विसरू नका. ओली जखम ओल्या मातीत गेली की बुरशी शिरतेच.

लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी नाही. नंतर थोडं. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं तर मूळ धरलं. रोज ओढून बघू नका. आमच्या नातवाने तसं केलं होतं.

—

अबोली_पुणे | १९ ऑगस्ट, दुपारी १:१५

नाना, मी तर सरळ पाण्याच्या बाटलीत ठेवते. दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. एवढा कुटाणा कशाला?

—

निवांत_नाना | १९ ऑगस्ट, दुपारी ४:५०

येतात ना, मी नाही म्हणत नाही. पण ती पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात. मातीत गेली की त्यातली बरीच मरतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका झाडाला चालेल. तीस बाटल्या कुठे ठेवणार?

—

अबोली_पुणे | १९ ऑगस्ट, दुपारी ५:०२

माझी तर कधी मेली नाहीत. असो.

—

मागवाला_पूर्वभाग | १९ ऑगस्ट, रात्री ११:२०

आत्ता मागावरची पाळी संपवून आलो. ताई, कुंड्यांचा खर्च नको असेल तर आमच्याकडे सुताचे पुठ्ठ्याचे कोन पोत्यानं पडलेत. रिकामेच आहेत. उलटे केले की बरोबर कुंडी. कधीपण न्या.

—

गच्चीवाली | २० ऑगस्ट, सकाळी ७:४०

दादा, किती छान! पण पुठ्ठा भिजून मऊ पडेल ना?

—

मागवाला_पूर्वभाग | २० ऑगस्ट, सकाळी ७:५५

ते पण खरं. पण नाना म्हणतात तसं पाणीच नाही द्यायचं म्हटल्यावर भिजतंय कशाला 😀

—

हळदकुंकू | २० ऑगस्ट, सकाळी ११:००

अगं, संक्रांतीचं वाण आहे तर सुगडातच लाव ना! छोटी सुगडं, बाहेरून गेरू आणि चुन्याची नक्षी. किती गोड दिसेल. कुंभाराला आत्ताच सांगून ठेव, जानेवारीत भाव चढतात.

—

माईसाहेब | २० ऑगस्ट, दुपारी १२:१०

सुगडाला तळाशी भोक नसतं. आणि भोक पाडलं तर ते फुटकं सुगड झालं. फुटकं सुगड सवाष्णीला द्यायचं का? माझ्या सासूबाईंनी घरातसुद्धा येऊ दिलं नसतं.

—

हळदकुंकू | २० ऑगस्ट, दुपारी १२:३५

माई, पुजायची सुगडं वेगळी. ही नुसती कुंडी, आकार सुगडाचा. कुंभाराला सांगितलं तर तो भाजायच्या आधी ओल्या मातीतच भोक ठेवून देतो. मग ते फुटकं नाही, तसंच घडवलेलं. चालेल?

—

माईसाहेब | २० ऑगस्ट, दुपारी १:२०

तसं असेल तर चालेल.

—

डोंबिवलीकर_बाप्पा | २० ऑगस्ट, दुपारी १:२२

या संस्थळावर पहिल्यांदाच कोणी कोणाचं ऐकलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

—

पेशीभित्तिका | २० ऑगस्ट, रात्री ९:१५

बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही. थोडं विषयांतर.

बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. तेव्हा आतली वाफही निसटते. बरीचशी रसाळ झाडं हे काम रात्री करतात. रात्री छिद्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आंबट आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून उन्हाच्या जोरावर त्याची साखर करायची. या पद्धतीला नावच मुळी जेडच्या, म्हणजे क्रासुलाच्या कुळावरून मिळालं.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आली त्यांतला एक जण आपल्याच देशात होता. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पती अभ्यासक, मद्रास इलाख्यात. त्याने पानफुटीचं पान सकाळी चघळलं तर आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडसर. १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं हे टिपण छापून आलं. उपकरण एकच, जीभ.

गच्चीवालीताईंचं पोर्तुलाकारिया आणखी बेरकी. पाणी मुबलक असेल तर ते साध्या झाडासारखं दिवसा काम करतं. पाणी तुटलं की रात्रपाळीला जातं.

—

मागवाला_पूर्वभाग | २० ऑगस्ट, रात्री ११:३०

सर, म्हणजे ते झाड आमच्या मागवाल्यांच्या पूर्व भागातलंच आहे.

—

चिंचगूळ | २१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पानफुटीवरून आठवलं. आजी मुतखड्याला पानफुटीचं पान द्यायची. आणि पान वहीत ठेवलं की वहीतच त्याच्या कडेला पिल्लं फुटायची. भूगोलाच्या वहीत माझी नर्सरी होती.

—

पेशीभित्तिका | २१ ऑगस्ट, सकाळी ९:०५

वहीतलं बरोबर. ती पिल्लं पानाच्या कडेच्या खाचांतून येतात. जर्मन कवी गटे याला त्या रोपाचं इतकं वेड होतं की तो ती पिल्लं मित्रमंडळींना वाटायचा. वाणच म्हणा ना. मुतखड्याचं मात्र मनाने करू नका. त्या पानांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जनावरांनी भरपूर खाल्लं तर विषबाधा होते.

—

नवीपेठ_नंदू | २१ ऑगस्ट, सकाळी १०:४०

सक्युलेंट म्हणजे आपला शेर पण ना? बांधावरचा. त्याची फांदी लावली तर?

—

रानवेडा | २१ ऑगस्ट, सकाळी ११:१५

तोही त्यातलाच, आणि फांदीवरून येतोही. पण चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. वाणात नको 🙏

—

कडकभाकरी | २३ ऑगस्ट, रात्री ८:३०

सगळे म्हणतात पाणी कमी घाला, कमी घाला. कमी म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. आमची पद्धत सांगतो. कॅलेंडर नको, मोबाईलचा गजर नको. नळ आला की आपण पिंपं भरतोच. दोन पाळ्या सोडायच्या, तिसऱ्या पाळीला जेडला पाणी. म्हणजे साधारण बारा दिवस झाले. एप्रिल-मेमध्ये एक पाळी सोडून. पावसाळ्यात नळाकडे बघायचंच नाही, मातीत बोट घालायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच घालायचं. सहा वर्षं झाली, एक झाड मेलं नाही. म्हणजे एक मेलं, पण ते बोकडानं खाल्लं.

—

निवांत_नाना | २३ ऑगस्ट, रात्री ९:००

हे मी आजपासून सगळ्यांना सांगणार.

एवढंच जोडतो. छोट्या सुगडातली माती लवकर वाळते, तिला उन्हाळ्यात प्रत्येक पाळीला लागेल. घालाल तेव्हा खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला, चमचाभर शिंपडून उपयोग नाही. आणि मेमध्ये घालायचं तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दुपारी तापलेल्या कुंडीत कधीच नाही. बोअरचं पाणी जड आहे, मातीवर पांढरा थर धरतो. पावसाचं साठवलेलं असेल तर तेच वापरा.

—

अबोली_पुणे | २४ ऑगस्ट, सकाळी ८:१०

नाना, माझी एचेवेरिया (ती गुलाबासारखी दिसणारी) वहिनीने सोलापूरला नेली. मार्चमध्ये सुंदर होती, मेअखेर चिखल. पाणी तर जेमतेम घातलं होतं म्हणते.

—

निवांत_नाना | २४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मी पण चार घालवल्या. ती मेक्सिकोकडची, बऱ्याचशा जाती डोंगराळ भागातल्या. रात्री गारवा लागतो. आपल्याकडे मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे आणि रात्रीही गच्चीची फरशी पाय टेकू देत नाही. रात्र गार झाली नाही तर सरांनी सांगितलेली रात्रपाळी नीट चालत नाही, झाड गपगार होतं. अशात घातलेलं पाणी ते पीत नाही, नुसतं सडतं. ती मी आता आणतच नाही. पोर्तुलाकारिया, सापाच्या पट्ट्याचं झाड (स्नेक प्लांट), कोरफड, अडेनियम, एवढीच सोलापूरला खरी.

—

गच्चीवाली | ३० ऑगस्ट, रात्री १०:००

अहवाल. चाळीस छाट काढले, पाच दिवस वाळवले, काल लावले. मुरूम नानांच्या मापाने. कुंभाराला चाळीस सुगडं सांगितली, तळाला भोक ठेवून. तो आधी हसला. तोवर सगळं चहाच्या कपांत आहे, गच्चीवर हिरव्या जाळीखाली. आमच्या ह्यांनी विचारलं, एवढा चहा कोण प्यालं?

—

गच्चीवाली | २ ऑक्टोबर, सकाळी ७:००

रडू येतंय. आठवडाभर पाऊस थांबला नाही. जाळीतून पाणी गळतच राहिलं, मी माहेरी बार्शीला होते. चाळीसातले तेरा खालून काळे पडलेत, हात लावला की देठ निसटतो.

—

निवांत_नाना | २ ऑक्टोबर, सकाळी ७:३५

जाळी ऊन अडवते, पाऊस नाही. आणि सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात येतो, हे मी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

सगळं फेकू नका. काळं झालेलं वरपर्यंत कापा, आत स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेपर्यंत. पुन्हा वाळवा, पुन्हा लावा. बोटभर उरलं तरी चालेल. बाकीचे सत्तावीस आत्ता छपराखाली घ्या, वारा लागेल असे.

—

कडकभाकरी | २ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

ताई, तेरा गेले म्हणता, तेरा पुन्हा कापायला मिळाले म्हणा.

—

गच्चीवाली | १४ डिसेंबर, दुपारी ३:२०

आज मोजणी. चौतीस जिवंत. सुगडं आली, बदलून लावली. पण सहा रोपांवर फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय. बुरशी आहे का?

—

रानवेडा | १४ डिसेंबर, दुपारी ३:५०

काडीने उचलून बघा. आत गुलाबीसर, चपटा किडा असेल तर पिठ्या ढेकूण. ती सहा आधी लांब ठेवा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. अंडी राहतात म्हणून एकदा करून भागत नाही. मुंग्या येत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच या किड्यांना सांभाळतात.

—

गच्चीवाली | १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

पिठ्या ढेकूणच. मुंग्याही आहेत. बसले बोळे घेऊन.

—

गच्चीवाली | १९ जानेवारी, रात्री ९:१०

झालं हळदीकुंकू! गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) गर्दीमुळे एक दिवस पुढे ढकललं होतं. एकतीस सुगडं गेली. माझ्यासाठी दोन उरली, एक ह्यांनी ऑफिसात नेलं. प्रत्येकीला चिठ्ठी दिली: "दोन पाळ्या सोडून तिसरीला." खाली कडकभाकरीदादांचं नाव घालणार होते, पण मैत्रिणींना वाटलं असतं भाकरीची जाहिरात आहे. माझी सासू म्हणाली, पहिल्यांदा असं वाण बघितलं जे माळ्यावर टाकता येत नाही.

शेजारच्या काकूंनी तिसऱ्याच दिवशी उरलेला चहा ओतला. गाळून ओतला म्हणाल्या.

—

माईसाहेब | १९ जानेवारी, रात्री ९:४५

फोटोत सुगडांवरची चुन्याची रेघ छान आली आहे. माझ्यासाठी एक ठेव.

—

पेशीभित्तिका | २० जानेवारी, सकाळी ८:००

अभिनंदन. पण ताई, मूळ प्रश्न पानाचा होता. तो राहिलाच.

—

गच्चीवाली | २० जानेवारी, सकाळी १०:२५

राहिला नाही सर! ऑक्टोबरात रानवेडा यांनी खऱ्या जेडची दहा पानं खोक्यातून पाठवली होती. देठापासून अख्खी तोडलेली, तुटकं एकही नाही. परळात कोरडा मुरूम घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही, हात शिवशिवायचे. सातांना गुलाबी दोऱ्यासारखी मुळं आली. मुळं दिसल्यावरच थोडं थोडं पाणी सुरू केलं. पाचांना कोंब आहेत, तांदळाएवढे. दोन पानांना नुसतीच मुळं आहेत, कोंबाचं नाव नाही.

—

रानवेडा | २० जानेवारी, सकाळी १०:४०

त्या दोन राहू द्या. कधीकधी पान महिनोन्महिने नुसती मुळंच घेऊन बसतं. आणि कोंबवाल्या पानांची जुनी पानं ओढून काढू नका, आपोआप सुकून गळू द्या.

—

नवा_सदस्य_अक्कलकोटरोड | २७ जानेवारी, दुपारी २:१५

नमस्कार, आईला हळदीकुंकवात सुगडात एक जेड मिळालं आहे. पाणी किती दिवसांनी घालायचं?

—

कडकभाकरी | २७ जानेवारी, दुपारी २:१८

तुमच्याकडे नळ कधी येतो?